आफ्रिकेत शेती "उशिरा" सुरू झाली म्हणजे नक्की काय झालं?

तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला आणि मगच लिहायला बसले, कारण त्यात खरंतर तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तुम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताय आणि तुम्हाला पडलेला पहिला प्रश्न असा की माणूस जर आफ्रिकेतच घडला तर शेती तिथे सगळ्यात आधी का नाही सुरू झाली, तिथले लोक मागे का राहिले. दुसरा, आफ्रिकेत शेती इजिप्तमधून खाली पसरली असं तुमच्या नोट्समध्ये आहे ते बरोबर का. आणि तिसरा, ज्वारी आफ्रिकेतली असं सगळीकडे लिहितात पण एका ठिकाणी तुम्ही वाचलंत की भारतात सापडलेली ज्वारी आफ्रिकेत सापडलेल्या ज्वारीपेक्षा जुनी आहे, मग खरं काय मानायचं.

तिसरा प्रश्न फार चांगला आहे, त्यावर आमच्या क्षेत्रात कित्येक वर्षं डोकेफोड झालीय, त्याच्याकडे येतेच. पण आधी पहिल्या प्रश्नातलं ते "मागे राहिले" बाजूला काढूया, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि ती सुटली की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

माझी ओळख एवढीच की मी पुरावनस्पतीशास्त्रात काम करते. उत्खननातून आलेली माती पाण्यात कालवायची, वर तरंगलेली जळकी बी, तुसं, कोळसा बारीक चाळणीत धरायचा, सावलीत वाळवायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक दाणा बघून हे काय आहे ते ठरवायचं. वीसेक वर्षं हेच चाललंय. माझं काम दख्खनच्या साइट्सवरचं, पण ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी, वाल ही सगळी मंडळी मुळात आफ्रिकेकडची, त्यामुळे तिकडचा पुरावा मला सतत बघावा लागतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करते. "शेती कधी सुरू झाली" याचं उत्तर तुम्ही शेती कशाला म्हणता त्यावर ठरतं. रानातलं धान्य दरवर्षी त्याच जागी जाऊन गोळा करणं, ते साठवून ठेवणं, मुद्दाम पेरणं, आणि पेरून पेरून त्या रोपाचा स्वभावच बदलून टाकणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात हजारो वर्षांचं अंतर असू शकतं. पश्चिम आशियात, म्हणजे आताच्या सीरिया, तुर्कस्तान, इराक, पॅलेस्टाईन या पट्ट्यात, साधारण असा क्रम दिसतो की आधी लोक एका जागी राहायला लागले, मग पीक, मग जनावरं, आणि मडकी सगळ्यात शेवटी. तिथे खोदकामही खूप झालं, म्हणून शाळेच्या पुस्तकात तोच क्रम अख्ख्या जगाचा म्हणून छापला गेला. आफ्रिकेत, निदान सहारा आणि त्याच्या खालच्या पट्ट्यात, तो क्रम जवळपास उलटा आहे. आधी मडकी, मग गुरं, आणि पीक सगळ्यात शेवटी. उलटा क्रम बघून आपण त्याला उशीर म्हणतो, पण ती वाटच वेगळी होती.

हे कसं झालं ते कळायला सहारा आधी डोळ्यासमोरून पुसावा लागतो. साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारा वाळवंट नव्हतं. पृथ्वीच्या फिरण्याच्या कक्षेत आणि कलात जे सावकाश बदल होतात त्यामुळे त्या काळात उत्तर गोलार्धातला उन्हाळा जास्त तापायचा आणि पावसाळी वारे बरेच आतपर्यंत पोचायचे. तिथे तळी होती, गवताळ माळ होते, पाणघोडे आणि मगरी होत्या. नायजर देशात गोबेरो नावाची जागा आहे, २००० साली पॉल सेरेनो यांची टीम डायनोसॉरची हाडं शोधायला गेली होती आणि त्यांना वाळूत माणसांची दफनं सापडली, तळ्याकाठच्या लोकांची, हाडांच्या हार्पूनने मोठाले मासे मारणाऱ्या लोकांची. नायजेरियात दुफुना इथे १९८७ मध्ये एका गुराख्याला विहीर खणताना लाकडी होडी सापडली, ती सुमारे ८,००० वर्षं जुनी निघाली आणि लांबी आठ मीटरच्या वर. आज त्या बाजूला पाणी विहिरीतून काढावं लागतं.

आणि मडकी. मालीमध्ये उन्जूगू इथे ११,००० वर्षांपूर्वीच्याही आधीची भांडी मिळालीत, म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या भांड्यांमध्ये त्यांची गणती होते आणि शेतीचा तिथे मागमूसही नाही. मग शेती नसताना मडकं कशाला? शिजवायला. रानगवताचा दाणा कडक असतो, तो कच्चा पचत नाही, भाजून किंवा भरडून खाता येतो पण मडक्यात पाणी घालून शिजवला की पोट भरेल अशी पेज होते, म्हाताऱ्याला आणि दात न आलेल्या पोरालाही चालते. माझ्या मते आफ्रिकेच्या या गोष्टीतला सगळ्यात मोठा शोध हाच आहे आणि त्याला परीक्षेत एक ओळही मिळत नाही.

इजिप्तच्या दक्षिण भागात, अबू सिंबेलपासून पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर नब्ता प्लाया आहे. फ्रेड वेंडॉर्फ यांच्या टीमने तिथे झोपड्यांचे खळगे आणि चुली खणल्या, आणि त्या चुलींच्या आसपास जळालेल्या बिया मिळाल्या ज्यात जंगली ज्वारी भरपूर होती. काळ सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचा. लिबियात ताकार्कोरी नावाची कपार आहे, तिथे दोन लाखांहून जास्त रानधान्याच्या बिया छोट्या छोट्या गोल ढिगांत मिळाल्या, आधी वाटलं मुंग्यांनी साठवल्या असतील, मग नीट तपासल्यावर माणसांचंच काम ठरलं. त्याच भागात रानटी मेंढ्यांना कपारीत कोंडून ठेवल्याच्या खुणा आहेत, लेंड्यांचे थरच्या थर आहेत. म्हणजे साठवण आहे, जनावर बांधून ठेवणं आहे, शिजवणं आहे, आणि "शेती" मात्र नाही.

इथे थोडं विषयांतर करते पण गरजेचं आहे. बी सापडली म्हणजे काम झालं असं नसतं. एका उत्खननात माझ्याच ट्रेंचमध्ये तीन हजार वर्षं जुन्या थरातून, पुरुषभर खोलीवरून, मक्याचा जळका दाणा निघाला. मका अमेरिकेतला, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळानंतरचा, त्यामुळे तो उंदराच्या बिळातून खाली गेलाय हे लगेच कळलं. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण मनात एकच येत होतं, हा मका नसून ज्वारी असती तर? कुणाला शंकाही आली नसती आणि मी "दख्खनमधली सगळ्यात जुनी ज्वारी" म्हणून छापून मोकळी झाले असते. तेव्हापासून महत्त्वाचा दाणा असेल तर मी थराच्या वयावर थांबत नाही, त्या दाण्याचीच कार्बन तारीख काढायचा आग्रह धरते. दाणा त्यात खर्ची पडतो, जीवावर येतं, पण इलाज नाही.

आफ्रिकेतही नेमकं हेच झालंय. आस्वानजवळ वादी कुब्बानिया नावाची जागा आहे, वीस हजार वर्षांहून आधीची वस्ती. १९७९ मध्ये तिथे सातूचे दाणे मिळाल्याचं जाहीर झालं आणि एकदम खळबळ उडाली, कारण मग शेती नाईलकाठी सुरू झाली असं म्हणावं लागलं असतं. पण नंतर त्या दाण्यांचीच थेट तारीख काढली तर ते अलीकडचे, वरून खाली घसरलेले निघाले, आणि १९८४ मध्ये तसं छापून आलं. ज्यांनी दावा केला त्याच लोकांनी तो मागे घेतला, मला या गोष्टीचा फार आदर वाटतो. सातू गेला तरी त्या जागेचं महत्त्व गेलं नाही, कारण तिथे खरोखर मिळाला होता तो नागरमोथा. हो, आपल्याकडे उटण्यात घालतात तोच, शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शिव्या घालतो तोच. त्याच्या जमिनीखालच्या गाठी ते लोक खणून काढत होते, दगडावर वाटत होते, कारण जून गाठ कडवट असते आणि वाटून धुतल्या-शिजवल्याशिवाय खाववत नाही. वाटायचे दगडही तिथे मिळालेत. आणि कंदमुळं भाजून खाणं तर याहून कितीतरी जुनं, दक्षिण आफ्रिकेच्या बॉर्डर केव्हमध्ये १,७०,००० वर्षांपूर्वीची चुलीत भाजलेली कंदं मिळाली आहेत.

आता गुरं. पाळीव शेळ्या-मेंढ्या आफ्रिकेत बाहेरून, पश्चिम आशियातून आल्या, त्यात वाद नाही. गाईबैलांबद्दल वाद झाला, वेंडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की नब्ता भागात आफ्रिकेतल्या लोकांनी स्वतःच रानगुरं माणसाळवली. आज जनुकांवरून बहुतेकांचा कौल असा आहे की मूळ कळप पश्चिम आशियातूनच आले आणि मग इथल्या रानगुरांचं रक्त त्यात मिसळत गेलं. मलाही तेच पटतं, पण जुन्या हाडांतला डीएनए उष्ण प्रदेशात फारसा टिकत नाही त्यामुळे दरवाजा पूर्ण बंद करणं घाईचं होईल. जे पक्कं आहे ते असं की ७,००० वर्षांपूर्वीच्या सुमाराला सहारातले लोक दूध काढत होते आणि तापवत होते, कारण ताकार्कोरीच्या खापरांमध्ये मुरलेल्या चरबीत दुधाचे अंश मिळालेत, २०१२ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. आसपासच्या खडकांवर गुरांची आणि धारा काढण्याची चित्रंही आहेत.

मग दूधदुभतं आलं तरी पेरणी का नाही आली? याचं उत्तर पावसात आहे. जिथे पाऊस एका वर्षी इथे पडतो आणि पुढच्या वर्षी पन्नास मैल पलीकडे, तिथे शेत ही धोक्याची गुंतवणूक आहे, शेत जागचं हलत नाही, गुरं हलतात. त्या लोकांकडे चालतंबोलतं धान्याचं कोठार होतं, त्याला पाय होते, आणि वाटेवर पावसानंतर मैलोन् मैल रानगवत दाण्याला यायचं ते फुकटचं होतं. चाड, सुदानकडच्या सवानात आजही काही लोक असं मिसळलेलं रानधान्य गोळा करतात, त्याला "क्रेब" म्हणतात, टोपली हातात घेऊन गवतातून चालत ती कणसांवरून झुलवायची, पिकलेले दाणे टोपलीत पडतात. ज्याच्या दारात न पेरता असं पिकतंय त्याने नांगरट कशासाठी करायची? पेरायला अक्कल लागते आणि ती त्यांच्यात नव्हती असं अजिबात नाही, गरज नव्हती.

आणि ही टोपली झुलवण्याची पद्धत नीट समजून घ्या कारण सगळी मेख तिथे आहे. तुमच्या घरी कुणी शेतात असेल तर लगेच कळेल. जंगली ज्वारीचा दाणा पिकला की तो तुसासकट आपोआप झडतो, कारण झाडाला बी जमिनीवर पडायला हवंय. आपल्या ज्वारीचं तसं नाही, कणीस कापून खळ्यावर नेलं, वाळवलं, तरी दाणा धरून बसतो, बडवल्याशिवाय किंवा मळणीयंत्रात घातल्याशिवाय सुटत नाही. हा फरक भिंगाखाली दिसतो. जंगली दाणा जिथून सुटलाय तिथे छोटासा गुळगुळीत खळगा असतो, जसं पिकलेलं पान देठापासून सुटल्यावर दिसतं तसं. माणसाळलेल्या ज्वारीत तिथे तुटलेल्या काडीचा खरबरीत तुकडा लागलेला असतो, कारण ते सुटलेलं नसतं, मोडलेलं असतं. मी नवीन मुलांना पहिले पंधरा दिवस दुसरं काही देत नाही, फक्त हा फरक बघायला लावते.

आता विचार करा, टोपली झुलवली तर टोपलीत कोण येणार? झडणारे दाणे. न झडणारा एखादा चुकार दाणा कणसातच राहणार. म्हणजे तुम्ही हजारो वर्षं असं गोळा करत राहिलात, अगदी त्यातलं थोडं पेरलंत, तरी रोप बदलणार नाही. बदल कधी होणार, तर कणीस कापून किंवा खुडून घरी आणायला लागलात आणि त्यातलंच बी पुढच्या वर्षी पेरलंत तर, कारण मग न झडणारे दाणे जास्त प्रमाणात घरी पोचतात. त्यातही आजूबाजूला जंगली ज्वारी माजलेली असेल तर परागकण उडून येणार आणि केलेलं काम पुसलं जाणार, बाजरीत तर हे फारच होतं कारण तिचं परागीभवन बहुतांशी दुसऱ्या ताटाच्या परागांवर चालतं. म्हणून आफ्रिकेत पीक म्हणून ओळखता येईल असं धान्य दिसायला वेळ लागला. त्याआधी पेरणी झालीच नसेल असं नाही, झाली असेल तरी दाण्यावर तिची खूण उमटलेली नाही.

आता इजिप्तचा प्रश्न. तुमच्या नोट्समध्ये जे आहे ते अर्धंच बरोबर आहे. इजिप्तमध्ये गहू आणि सातू पश्चिम आशियातून आले हे खरं. फयूम भागात १९२० च्या दशकात गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी जमिनीतले कणगे शोधले, खड्ड्याला आतून गवती चटई लावलेली, आपल्याकडच्या पेवासारखे, काहींमध्ये गहू-सातू तसाच पडलेला, आणि गारगोटीचे दात बसवलेला लाकडी विळाही मिळाला. सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीचं हे. पण तो गहू तिथून खाली आफ्रिकाभर गेला नाही आणि का गेला नाही ते मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. गहू-सातू ही रब्बी पिकं. नाईलच्या काठी पूर उतरल्यावर थंडीत ओल असते म्हणून तिथे जमली. सहाराच्या खाली पाऊस उन्हाळ्यात-पावसाळ्यात पडतो आणि थंडी कोरडी जाते. म्हणजे तिथे हवीत खरीप पिकं. पश्चिम आशियाकडे खरीप धान्य नव्हतंच द्यायला. ते आफ्रिकेच्या लोकांनी स्वतःच्या गवतातून स्वतः घडवलं. इथिओपियाच्या थंड पठारावर गहू-सातू गेले आणि रुजले, तो अपवाद, पण तिथेही लोकांनी टेफ नावाचं स्वतःचं बारीक दाण्याचं धान्य घडवलं, केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटच्या बुंध्यातून पीठ काढायचं तंत्र घडवलं.

म्हणजे आफ्रिकेत शेतीचं एक उगमस्थान शोधूच नये. वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९७१ मध्येच हे मांडलं होतं, की काही ठिकाणी शेतीचं केंद्र सापडतं पण आफ्रिकेत पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत रुंद पट्टाच आहे, एक पीक इथलं, दुसरं तिथलं. बाजरी पश्चिमेची, ज्वारी पूर्वेची, आफ्रिकेतला वेगळा भात नायजर नदीच्या आतल्या खोऱ्यातला, चवळी पश्चिमेची आणि घानात ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास दिसते, यामचे कंद नायजर खोऱ्याकडचे. कंदांचं एक दुखणं आहे, ते उकडून खाल्ले की संपले, जळकी बी मागे राहत नाही, म्हणून जंगलपट्ट्यातली शेती आमच्या नजरेतून सुटते. यामच्या बाबतीत २०१९ मध्ये जनुकांवरून माग काढावा लागला.

आता तुमची ज्वारी. जे तुम्ही वाचलंत ते खोटं नव्हतं, फक्त जुनं झालंय. बराच काळ परिस्थिती अशी होती की भारतात चार-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांतून ज्वारीचे दाणे सांगितले जात होते आणि आफ्रिकेत स्पष्ट माणसाळलेली म्हणता येईल अशी ज्वारी जेमतेम दोन हजार वर्षांपूर्वीची. जंगली ज्वारी मात्र फक्त तिकडे. लेकीचं वय आईपेक्षा जास्त, असा पेच. काही अभ्यासकांनी म्हटलं की लोक आफ्रिकेत जंगलीच पेरत होते आणि ती समुद्र ओलांडून इकडे आल्यावर, जंगली भाऊबंदांपासून तुटल्यावर, बदलली. वर परागकणांचं सांगितलं त्यामुळे हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. दुसरीकडे भारतातल्या काही जुन्या ओळखींवरही शंका होती, कारण जळाल्यावर दाणा फुगतो, फुटतो, लहान भरडधान्यांमध्ये घोटाळा होतो. नाचणीच्या बाबतीत तर आपल्याकडचे बरेच जुने दावे पुन्हा तपासल्यावर टिकले नाहीत.

पेच सुटला तो मडक्यांमुळे. पूर्व सुदानात, अटबारा नदीवर खश्म एल गिर्बा नावाचं गाव आहे, त्या भागातली २३ नंबरची साइट, म्हणून केजी २३. १९८० च्या दशकात तिथे काम झालं होतं आणि खापरं जपून ठेवलेली होती. ते लोक मडकं घडवताना मातीत भुसा मिसळायचे, चिकण मातीला तडे जाऊ नयेत म्हणून, आपले कुंभारही राख-लीद-भुसा घालतात तसंच. भट्टीत भुसा जळून जातो पण त्याचा साचा मातीत राहतो. त्या पोकळीत सिलिकॉन भरायचं, सुकल्यावर हलकेच ओढून काढायचं, की तुसाची हुबेहूब नक्कल हातात येते आणि ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघता येते. मग तोच प्रश्न विचारायचा, हे सुटलंय का मोडलंय? तिथे दोन्ही निघाले. जंगलीही होते आणि मोडलेलेही, खरबरीत टोकवाले. काळ ५,५०० ते ५,००० वर्षांपूर्वीचा, आणि २०१७ मध्ये हे छापून आलं. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय भावलं तर ती सरमिसळ. म्हणजे बदल चालू असतानाच्या शेतातला भुसा कुणीतरी मळणीच्या जागेवरून ओंजळीने उचलून मातीत मळला आणि तो तसाच राहिला.

बाजरीचंही असंच, मालीमध्ये तिलेम्सी खोऱ्यात भुसा घातलेल्या खापरांतून आणि दाण्यांतून माणसाळलेली बाजरी मिळाली, सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीची, २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही तारखा बघा, सहारा सुकायला लागला त्याच्या आसपासच्या. लोक गुरं घेऊन उरलेल्या पाण्याकडे, नदीखोऱ्यांकडे सरकले, फिरायला जागा कमी झाली, रानगवताचे माळ लांब राहिले, आणि सोबत आणलेलं बी पेरणं परवडायला लागलं. नुसत्या उपासमारीने शेती जन्माला आली असं मी म्हणणार नाही, उपाशी माणूस बियाणं राखून ठेवत नाही, खाऊन टाकतो. ज्यांच्याकडे दुधाचा आधार होता त्यांनाच पीक येईपर्यंत थांबणं जमलं असेल, असं माझं मत आहे. हे मत आहे, सिद्ध झालेलं नाही.

परीक्षेसाठी क्रम लावायचा तर असा लावा: ११,००० वर्षांपूर्वी मडकी आणि मासेमारी-रानधान्यावर जगणाऱ्या वस्त्या, ७,००० च्या सुमाराला दुधावर चालणारं पशुपालन, ६,५०० ला नाईलकाठी बाहेरून आलेले गहू-सातू, ५,००० च्या आधी पूर्वेला ज्वारी, ४,५०० ला पश्चिमेला बाजरी. दक्षिण टोकाला मेंढ्या पोचल्या त्या दोन हजार वर्षांपूर्वी आणि बांटू भाषा बोलणारे शेतकरी त्याच सुमाराला खाली सरकत होते. आणि टांझानियात एयासी तळ्याकाठचे हादझा लोक आजही कंद, मध आणि शिकारीवर राहतात, शेतकरी आणि गुराखी शेजारी असताना. त्यांना शेती माहीत आहे, त्यांनी ती घेतली नाही. "मागे" या शब्दात हे बसत नाही.

आपल्याकडे ही पिकं आली ती ३,७०० वर्षांपूर्वीच्या आसपास, सौराष्ट्रात आणि मग दख्खनमध्ये दिसायला लागतात. मेसोपोटेमियामार्गे नाही आली, कारण त्या काळात तिथे ती दिसत नाहीत, बहुधा अरबस्तानच्या किनाऱ्याकिनाऱ्याने लहान होड्यांतून आली असावीत. उलट दिशेने आपले वशिंडाचे बैल तिकडे गेले, आफ्रिकेतल्या कितीतरी गुरांत त्यांचं रक्त आहे. पण आली म्हणजे लगेच भाकरी सुरू झाली असं समजू नका. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणलेली जागा, तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं मुख्य धान्य सातू होतं. आज तोच पट्टा ज्वारीचा. नाचणीचा आफ्रिकेतला जुना पुरावा तर अजूनही तुटपुंजा आहे, पश्चिम केनियात काकापेल इथे ती मिळाली ती साधारण हजार वर्षांपूर्वीची, २०२४ मध्ये छापून आलं, आणि तिथलीच चवळी २,३०० वर्षांपूर्वीची. दाणा मोहरीपेक्षाही बारीक, जाड चाळणी वापरली की निसटतो, आणि तिकडे बारीक चाळणीने झालेलं काम अजून थोडं आहे, त्यामुळे ही तारीख मागे जाईल असं मला वाटतं.

आणखी एक. आपली मालदांडी ज्वारी ज्या प्रकारात मोडते त्याला दुर्रा म्हणतात, टपोऱ्या दाण्याची, गच्च कणसाची. केजी २३ ची ज्वारी तशी नव्हती, तिचं तूस दाण्याला घट्ट धरून होतं. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे की दुर्रा प्रकार भारतात घडला आणि मग परत आफ्रिकेत गेला. म्हणजे आईलेकीचा तो पेच पूर्ण चुकीचा नव्हता, लेक माहेरी परत गेली ती बदलून गेली. आज सुदानमध्ये ज्वारीला दुराच म्हणतात आणि तिच्या आंबवलेल्या पिठाचा पातळ किसरा करतात, घावनासारखा.

तुम्ही गावी जाल तेव्हा एक करून बघा. ओढ्याकाठी, बांधावर बरू उगवलेला असतो, पूर्वी ज्याची लेखणी करायचे तो. तो ज्वारीचाच जंगली नातेवाईक आहे, थेट पूर्वज नाही पण झडण्याचा स्वभाव तसाच. पिकलेला तुरा हाताखाली धरून हलकेच झटका, दाणे तुसासकट तळहातावर पडतील. मग शेजारच्या वावरातलं वाळलेलं ज्वारीचं कणीस तसंच झटका, काही पडणार नाही. दोन्हीकडचा एकेक दाणा तुसासकट घ्या आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून बूड बघा, आणि फोटो काढलात तर इथे टाका, मी सांगते कुठे बघायचं ते.